चोरीचा माल बाळगण्याच्या गुन्ह्यातील हेतूचा पुरावा

चोरीचा माल बाळगण्याच्या गुन्ह्यातील हेतूचा पुरावा म्हणजे आरोपीच्या ताब्यात सापडलेली वस्तू चोरीची आहे हे त्याला ठाऊक होते, किंवा तसे मानण्यास त्याच्यापाशी पुरेसे कारण होते, आणि तरीही त्याने ती अप्रामाणिकपणे स्वीकारली अथवा स्वतःकडे ठेवली, हे न्यायालयात सिद्ध करणे होय. भारतीय फौजदारी कायद्यात हा अपराध १ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४११खाली येत असे. त्या दिवसापासून घडलेल्या अपराधांना भारतीय न्याय संहिता, २०२३ चे कलम ३१७ लागू होते. माल सापडल्याने ताबा सिद्ध होऊ शकतो, परंतु ताबा घेणाऱ्याच्या मनातील जाणीव त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही. या गुन्ह्यातील दोषसिद्धीविरुद्धच्या अनेक अपिलांत वादाचा मुद्दा हाच असतो. या लेखात हा विषय मुख्यतः पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात मांडला आहे.

व्याख्या व शिक्षा

चोरी, खंडणी किंवा जबरी चोरी यांद्वारे ज्या मालमत्तेचा ताबा हस्तांतरित झाला आहे, तसेच जिचा अपहार झाला आहे किंवा जिच्याबाबत विश्वासघात झाला आहे, ती मालमत्ता कायद्याच्या दृष्टीने ‘चोरीचा माल’ ठरते. भारतीय न्याय संहितेने या व्याख्येत फसवणुकीने मिळवलेल्या मालमत्तेचीही भर घातली आहे. असा माल पुन्हा त्याच्या कायदेशीर हक्कदाराच्या ताब्यात गेला की तो चोरीचा माल राहत नाही.

कलम ३१७ च्या पोटकलम (२) नुसार चोरीचा माल अप्रामाणिकपणे स्वीकारणे किंवा बाळगणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दरोड्यात लुटलेला माल जाणीवपूर्वक बाळगणे (पोटकलम ३) आणि चोरीच्या मालाचा नित्य व्यवहार करणे (पोटकलम ४) यांसाठी जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास अशी कठोर तरतूद आहे. माल लपविण्यास किंवा त्याची विल्हेवाट लावण्यास मदत करणे (पोटकलम ५) हाही स्वतंत्र अपराध आहे. जुन्या दंड संहितेत या तरतुदी अनुक्रमे कलम ४११, ४१२, ४१३ व ४१४ मध्ये होत्या.

गुन्ह्याचे घटक

सर्वोच्च न्यायालयाने ‘त्र्यंबक विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ (१९५४) या निकालात कलम ४११ साठी सरकार पक्षाने सिद्ध करावयाच्या तीन बाबी सांगितल्या. पहिली, चोरीचा माल आरोपीच्या ताब्यात होता. दुसरी, आरोपीच्या ताब्यात येण्यापूर्वी तो दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात होता. तिसरी, तो चोरीचा आहे याचे ज्ञान आरोपीला होते. त्या प्रकरणात दागिने एका शेतातून काढून देण्यात आले होते. शेत उघडे होते व तेथे कोणालाही जाता येत असे. त्यामुळे दागिने आरोपीच्याच ताब्यात होते असे निश्चितपणे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

दुसऱ्या घटकामुळे चोर आणि माल घेणारा यांच्यात भेद होतो. ज्याने स्वतः चोरी केली तो चोरीसाठी दोषी ठरतो. स्वतःच चोरलेला माल त्याने ‘स्वीकारला’ असे सहसा म्हटले जात नाही. आरोपी चोर आहे की माल घेणारा, हे तपासाच्या टप्प्यावर स्पष्ट नसेल तर दोन्ही आरोप पर्यायी स्वरूपात ठेवता येतात. ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २२१ मध्ये होती व आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २४४ मध्ये आहे.

हेतूची तीन अंगे

मराठी फिर्यादींत ‘स्वतःच्या आर्थिक फायद्याकरिता लबाडीच्या इराद्याने’ अशा अर्थाची शब्दरचना नेहमी आढळते. मात्र असा इरादा फिर्यादीत लिहिल्याने सिद्ध होत नाही. कायदा त्याची तीन अंगे वेगवेगळी पाहतो.

पहिले अंग म्हणजे ज्ञान. माल चोरीचा असल्याचे आरोपीला प्रत्यक्ष ठाऊक असणे हा सर्वांत स्पष्ट प्रकार होय, पण त्याचा थेट पुरावा क्वचितच मिळतो. दुसरे अंग ‘विश्वास ठेवण्यास कारण असणे’ हे आहे. हाती असलेल्या परिस्थितीवरून माल चोरीचा आहे असे मानण्यास पुरेसे कारण असेल तरच ही अट पूर्ण होते. नुसती शंका येणे किंवा पुरेशी चौकशी न करणे हे निष्काळजीपणाचे लक्षण असू शकते, परंतु ते या अटीपर्यंत पोहोचत नाही. तिसरे अंग अप्रामाणिकपणाचे आहे. कोणास गैरलाभ करून देण्याच्या किंवा कोणाची गैरहानी करण्याच्या उद्देशाने केलेली कृती अप्रामाणिक समजली जाते. हरवलेली वस्तू मालकाला परत देण्यासाठी जवळ ठेवणाऱ्याला ती चोरीची असल्याचे कळले, तरी त्याच्या ताब्यात अप्रामाणिकपणा नसतो.

‘स्वीकारणे’ आणि ‘बाळगणे’ यांतील फरकही येथे महत्त्वाचा आहे. खरेदीच्या वेळी प्रामाणिक असलेल्या व्यक्तीला नंतर वस्तू चोरीची असल्याचे कळले आणि तरीही तिने ती लपवून ठेवली, तर स्वीकारणे निर्दोष असूनही बाळगणे अपराध ठरू शकते. म्हणून ज्ञान कोणत्या क्षणी झाले, हे पुराव्यातून दिसणे आवश्यक असते.

प्रत्येक कायद्यात हेतूला असे स्थान नसते. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज’ (१९६५) या सोन्याच्या तस्करीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने आरोपीची मुक्तता केली होती. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने परकीय चलनविषयक कायद्याच्या त्या तरतुदीसाठी दोषी मनाचा वेगळा पुरावा आवश्यक नाही असे ठरवून दोषसिद्धी पुन्हा कायम केली. चोरीच्या मालाबाबत असा अर्थ लावण्यास वाव नाही, कारण ज्ञान व अप्रामाणिकपणा हे शब्द कलमातच घातलेले आहेत.

बारामती व इंदापूर तालुक्यांचा संदर्भ

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील तालुके आहेत. दक्षिणेला नीरा नदी, उत्तर व पूर्वेला भीमा नदी आणि उजनी धरणाचा जलाशय, मधून जाणारा नीरा डावा कालवा व त्यावर पोसलेली उसाची शेती ही या भागाची ओळख आहे. पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग भिगवण व इंदापूर येथून जातो. बारामती शहर, बारामती तालुका, वडगाव निंबाळकर, इंदापूर, भिगवण व वालचंदनगर ही येथील पोलीस ठाणी पुणे ग्रामीण पोलीस दलाच्या अखत्यारीत येतात.

बागायती भागात विहिरीवरील व नदीकाठचे विद्युत पंप, त्यांची केबल, दुचाकी, ट्रॅक्टरची अवजारे, जनावरे व सोन्याचे दागिने अशा वस्तू मुद्देमाल म्हणून न्यायालयापुढे येतात. यांपैकी बऱ्याच वस्तूंचा जुन्या स्थितीतील व्यवहार तोंडी, रोखीने आणि पावतीशिवाय होतो. पावती नसणे हे शहरी व्यवहारात संशयास्पद वाटले, तरी ग्रामीण व्यवहारात ते अप्रामाणिकपणाचे लक्षण असेलच असे नाही. त्याच वेळी भंगार दुकान, गॅरेज किंवा सराफी पेढी चालवणाऱ्या व्यावसायिकाला आपल्या धंद्यातील वस्तूंची किंमत व खुणा कळतात, म्हणून त्याच्या बाबतीत ‘विश्वास ठेवण्यास कारण’ लवकर निर्माण होऊ शकते.

या तालुक्यांच्या सीमा सातारा, सोलापूर व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांना लागून आहेत. इंदापूर तालुक्यात चोरलेली वस्तू करमाळा, माळशिरस किंवा कर्जत तालुक्यात, अथवा बारामतीतून गेलेली वस्तू फलटण येथे सापडू शकते. अशा वेळी चोरी जेथे झाली तेथील न्यायालयाला, तसेच माल जेथे बाळगला गेला तेथील न्यायालयालाही खटला चालवण्याचा अधिकार असतो. हा नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०० व २०१ मध्ये आहे.

विजेच्या तारांच्या चोरीसाठी वेगळा मार्ग आहे. विद्युत अधिनियम, २००३ चे कलम १३६ विद्युत वाहिनी व साहित्याच्या चोरीसाठी, तर कलम १३७ असा माल अप्रामाणिकपणे स्वीकारण्यासाठी आहे. त्यातही ‘ज्ञान किंवा विश्वास ठेवण्यास कारण’ ही अट कायम आहे. हे खटले विशेष न्यायालयापुढे चालतात व त्यांवरील अपील उच्च न्यायालयात जाते.

ताब्यावरून काढले जाणारे अनुमान

मनातील जाणीव थेट दाखवता येत नसल्याने कायद्याने न्यायालयाला एक अनुमान काढण्याची मुभा दिली आहे. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ११४ मधील पहिल्या दृष्टान्तानुसार, चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्या ताब्यात सापडतो आणि जो त्या ताब्याचा खुलासा करू शकत नाही, तो एकतर चोर आहे किंवा माल चोरीचा असल्याचे जाणून त्याने तो स्वीकारला आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. हीच तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ मध्ये आहे.

हे अनुमान काढणे बंधनकारक नाही. परिस्थिती पाहून न्यायालय ते काढू शकते किंवा नाकारू शकते. चोरी व जप्ती यांतील कालावधी त्यासाठी निर्णायक असतो, पण कायद्याने दिवसांची मर्यादा घातलेली नाही. ‘एराभद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य’ (१९८३) या निकालात दागिने व रेशमी साड्या सुमारे एका वर्षानंतर मिळाल्या असतानाही न्यायालयाने अनुमान मान्य केले, कारण अशा वस्तू सहजपणे हातोहात फिरणाऱ्या नसतात. याउलट रोख रक्कम, धान्य, मोबाइल किंवा जुनी दुचाकी थोड्याच दिवसांत अनेकांच्या हातांतून जाऊ शकते. तेथे अनुमान लवकर क्षीण होते.

आरोपीचा खुलासा पूर्णपणे सिद्ध व्हावा अशी अपेक्षा नसते. इंग्लंडमधील ‘शामा व अब्रामोविच’ (१९१४) या प्रसिद्ध खटल्यापासून असे मानले जाते की, खुलासा वाजवीपणे खरा असू शकेल एवढे दिसले, तरी दोष सिद्ध झाला नाही असे समजावे. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी शेवटपर्यंत सरकार पक्षावरच राहते.

या अनुमानाची व्याप्तीही मर्यादित आहे. ‘लिंबाजी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (२००१) या प्रकरणात मृताच्या अंगावरील दागिने आरोपींकडून मिळाले होते. सत्र न्यायालयाने त्यांना फक्त चोरीचा माल बाळगल्याबद्दल दोषी ठरवले होते, तर मुंबई उच्च न्यायालयाने खुनासाठी दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने खुनाची दोषसिद्धी रद्द करून जबरी चोरीपुरती दोषसिद्धी ठेवली. दागिन्यांच्या ताब्यावरून लुटीपर्यंतचे अनुमान टिकते, परंतु अन्य पुराव्याशिवाय ते हत्येपर्यंत ताणणे सुरक्षित नाही, असा या निकालाचा आशय आहे.

निवेदन, जप्ती व ओळख

चोरीच्या बहुतेक खटल्यांत अटकेतील आरोपी माल काढून देण्याची तयारी दर्शवतो, पंचांसमक्ष त्याचे निवेदन लिहिले जाते आणि त्यानंतर जप्ती पंचनामा होतो. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. त्याला अपवाद एवढाच की, निवेदनाच्या ज्या भागामुळे एखादी वस्तुस्थिती उघड झाली तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. प्रिव्ही कौन्सिलने ‘पुलुकुरी कोट्टय्या’ (१९४७) या निकालात हा नियम स्पष्ट केला. ‘मोटार अमुक ठिकाणी ठेवली आहे, ती काढून देतो’ हे वाक्य ग्राह्य ठरते, परंतु ‘ती चोरीची आहे हे मला माहीत होते’ हे वाक्य वगळावे लागते. म्हणजेच हेतूचा पुरावा म्हणून जे वाक्य सर्वांत उपयोगी वाटते, तेच कायद्याने बाजूला ठेवलेले असते.

एका आरोपीचे निवेदन दुसऱ्याच्या ज्ञानाचा पुरावा होऊ शकत नाही. ‘शिवकुमार विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या सप्टेंबर २०२२ मधील निकालात लुटलेल्या मालातील भांडी अपिलार्थीकडे सापडली होती. सहआरोपीच्या निवेदनावरून, तसेच भांडी कमी किमतीत विकली गेली एवढ्यावरून ती चोरीची असल्याचे अपिलार्थीला ठाऊक होते असे म्हणता येत नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने त्याची दोषसिद्धी रद्द केली.

वस्तू फिर्यादीचीच आहे हेही निर्विवाद असावे लागते. वाहनाचा इंजिन व चासी क्रमांक, पंपाचा अनुक्रमांक, दागिन्यावरील सोनाराची खूण यांमुळे ओळख पक्की होते. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या व कोणतीही खूण नसलेल्या वस्तूंची ओळख दुर्बळ ठरते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे.

अपिलाची रचना

साध्या स्वरूपाचा हा गुन्हा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. बारामती व इंदापूर येथे अशी न्यायालये आहेत. बारामती येथे अतिरिक्त सत्र न्यायाधीशांचे न्यायालय असून दोन्ही तालुक्यांतील दंडाधिकाऱ्यांच्या निकालांवरील अपिले तेथे चालत आली आहेत. दोषी ठरलेल्या व्यक्तीला सत्र न्यायालयात अपील दाखल करण्यासाठी मुदत अधिनियमानुसार ३० दिवस मिळतात. अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो. सत्र न्यायालयानेही दोषसिद्धी कायम ठेवली तर उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. पुणे जिल्ह्यासाठी ते मुंबई येथील मुख्य पीठ होय. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूर येथे सुरू झालेल्या फिरत्या खंडपीठाकडे सोलापूर व साताऱ्यासह सहा जिल्हे सोपवण्यात आले, त्यांत पुणे जिल्हा नाही.

अपील न्यायालय साक्षीपुराव्याचे स्वतंत्रपणे मूल्यमापन करते, तर पुनरीक्षणात निकालाची कायदेशीरता व योग्यता पाहिली जाते आणि पुराव्याची नव्याने छाननी सहसा होत नाही. म्हणून ज्ञान सिद्ध झाले नाही हा मुद्दा सत्र न्यायालयातील अपिलातच सविस्तर मांडणे आरोपीच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही.

निर्दोष मुक्ततेविरुद्धच्या अपिलात निकष अधिक कडक असतो. ‘चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य’ (२००७) या निकालानुसार आरोपी निर्दोष असल्याचे मूळ गृहीतक मुक्ततेच्या निकालाने दुणावते. पुराव्यावरून दोन निष्कर्ष तितकेच संभवत असतील, तर खालच्या न्यायालयाने काढलेला मुक्ततेचा निष्कर्ष बदलू नये, असे तत्त्व त्यात सांगितले आहे.

अपिलात तपासले जाणारे मुद्दे

पुढील उदाहरण कल्पित आहे. नीरा डाव्या कालव्यालगतच्या एका गावातील शेतकऱ्याने ओळखीच्या माणसाकडून जुनी विद्युत मोटार रोखीने घेतली व विहिरीवर बसवली. तीन महिन्यांनी विक्रेता चोरीच्या गुन्ह्यात पकडला गेला, त्याने निवेदनात शेतकऱ्याचे नाव सांगितले आणि मोटार जप्त झाली. दंडाधिकाऱ्यांनी ‘पावती नाही व किंमत कमी आहे’ या कारणाने शेतकऱ्याला दोषी ठरवले. या निकालावरील अपिलात न्यायालय पुढील बाबी पाहील.

पहिली बाब ताब्याची आहे. मोटार शेतकऱ्याच्या विहिरीवर होती, त्यामुळे ताबा सिद्ध आहे. दुसरी बाब ओळखीची. फिर्यादीने अनुक्रमांक किंवा दुरुस्तीची खूण सांगितली असेल तर तीही सिद्ध होईल. तिसरी बाब ज्ञानाची, आणि येथे पुरावा पोकळ आहे. विक्रेत्याचे निवेदन शेतकऱ्याविरुद्ध वापरता येत नाही. कमी किंमत एकटी पुरेशी नाही आणि जुन्या मोटारीची किंमत कमी असणे स्वाभाविक आहे. मोटार उघड्यावर बसवून रोज वापरात होती, हे वर्तन लपवाछपवीशी विसंगत आहे. तीन महिन्यांच्या कालावधीत अशी वस्तू सहज हस्तांतरित होऊ शकते. या परिस्थितीत शेतकरी संशयाच्या फायद्यास पात्र ठरेल.

याच उदाहरणात काही तथ्ये बदलली तर निष्कर्ष उलटू शकतो. मोटारीवरील क्रमांकाची पट्टी घासून काढलेली असणे, ती उसाच्या पाचटाखाली दडवलेली असणे, विक्रेत्याने ती रात्री आणून देणे, चौकशीत शेतकऱ्याने आधी खोटे सांगणे, किंवा त्याच्याकडे वेगवेगळ्या मालकांच्या आणखी दोन मोटारी सापडणे, या गोष्टी ज्ञानाकडे निर्देश करतात. शेवटच्या बाबीला कायद्याचाच आधार आहे. एकाच वेळी इतर अनेक चोरीच्या वस्तू ताब्यात असणे हे ज्ञान दाखवणारे सुसंगत तथ्य असल्याचे पुरावा अधिनियमाच्या कलम १४ मधील दृष्टान्तात म्हटले होते. भारतीय साक्ष्य अधिनियमात त्याची जागा कलम १२ ने घेतली आहे.

चौथी बाब आरोपीच्या जबाबाची. साक्षीपुरावा संपल्यावर त्याच्याविरुद्धची प्रत्येक परिस्थिती आरोपीसमोर ठेवून त्याला खुलाशाची संधी द्यावी लागते. ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९८४) या पुण्यातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, जी परिस्थिती आरोपीला विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असे ठरवले. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी दोषाखेरीज अन्य प्रत्येक शक्यता वगळणारी असावी, हे तत्त्वही त्याच निकालात तपशिलाने मांडले आहे. ‘मोटार चोरीची असल्याचे तुम्हाला माहीत होते, यावर काय म्हणणे आहे?’ असा प्रश्नच विचारला गेला नसेल, तर अपिलात तो गंभीर दोष ठरू शकतो.

पाचवी बाब निकालपत्राची. दंडाधिकाऱ्यांनी ज्ञानाबाबत स्वतंत्र निष्कर्ष नोंदवला आहे का, की जप्ती सिद्ध झाली म्हणून गुन्हा सिद्ध झाला असे मानले, हे अपील न्यायालय पाहते. जप्तीवरून थेट दोषाकडे जाणाऱ्या निकालात गुन्ह्याचा एक घटक सुटलेला असतो.

पूर्वग्रह व विमुक्त जमाती

हेतूच्या पुराव्याचा आग्रह हा कायद्याच्या तांत्रिकतेपुरता प्रश्न नाही. ब्रिटिश राजवटीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. महाराष्ट्रातील पारध्यांसह अनेक समाज त्याच्या कक्षेत आले. शेजारच्या सोलापूर येथे अशा जमातींसाठी कुंपणाची वसाहत होती. हा कायदा देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला व त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. ज्याच्याकडे वस्तू सापडली त्याची जमात पाहून त्याच्या मनातील हेतू ठरवण्याची वृत्ती मात्र कायद्याबरोबर संपली नाही.

‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (२०१९) या दरोडा व खुनाच्या खटल्यात भटक्या जमातीतील सहा जणांना एका टप्प्यावर फाशीची शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विचारात सर्वांची निर्दोष मुक्तता केली, त्यांना खोटे गुंतवले गेल्याचे नमूद केले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आरोपीचे वाईट चारित्र्य सर्वसाधारणपणे पुराव्यात ग्राह्य नसते, हा नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये आहे. जात, जमात किंवा वस्ती यांवरून ज्ञानाचे अनुमान काढण्यास तर कायद्यात कोणताही आधार नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १२४

महाराष्ट्रात याच्या जवळची एक वेगळी तरतूद आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२४ नुसार, चोरीची किंवा कपटाने मिळवलेली असल्याचे मानण्यास कारण आहे अशी वस्तू ज्याच्याकडे सापडते आणि जो तिच्याबाबत दंडाधिकाऱ्यांचे समाधान होईल असा खुलासा करू शकत नाही, तो शिक्षेस पात्र ठरतो. येथे वस्तूचा मूळ मालक सापडलेला नसला तरी खटला चालू शकतो आणि खुलाशाचा भार आरोपीवर येतो. कलम ३१७ मध्ये भार असा उलटत नाही. त्या कलमाखालील खटल्यात ‘आरोपीने समाधानकारक खुलासा केला नाही’ एवढ्यावरच दोषसिद्धी केली गेली, तर दोन वेगळ्या तरतुदींची सरमिसळ झाली असा आक्षेप अपिलात घेता येतो.

खरेदीदार व मुद्देमाल

आरोपी निर्दोष सुटला तरी वस्तू त्याला परत मिळेलच असे नाही. चोराकडे मालकी हक्क नसल्याने त्याच्याकडून घेणाऱ्यालाही सर्वसाधारणपणे तो मिळत नाही आणि मुद्देमाल मूळ मालकाकडे जातो. वर दिलेल्या उदाहरणातील शेतकरी शिक्षेपासून वाचेल, पण मोटार व तिच्यासाठी दिलेली रक्कम अशी दोन्ही गमावण्याची शक्यता त्याच्यापुढे राहील. कायद्याने या नुकसानीची काही प्रमाणात दखल घेतली आहे. चोरीसाठी किंवा चोरीचा माल स्वीकारल्याबद्दल दोषी ठरलेल्या व्यक्तीकडून अटकेच्या वेळी पैसे जप्त झाले असतील, आणि माल मूळ मालकाला परत दिला गेला असेल, तर अजाणतेपणी तो विकत घेणाऱ्याला त्या पैशांतून किमतीपर्यंतची रक्कम देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९९ मध्ये आहे. चोरीचा माल हाती असूनही निर्दोष असलेला खरेदीदार असू शकतो, हे तिच्यात कायद्यानेच मान्य केले आहे.